जुना की नवा? फुल-साइज पिकअपचं कोणतं वर्ष धरावं, कोणतं सोडावं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. घरात चार माणसं, दोन्ही मुलं शाळेत. या वर्षी मोठा पिकअप घ्यायचं पक्कं झालंय. एक तर कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायचाय, भरून ६,००० ते ७,००० पौंडांचा. शिवाय मंडळाच्या गणपतीचं मखर, ढोल-ताशे, टेबलं हे सगळं दरवर्षी आमच्याकडेच असतं, आणि ते काम आम्हाला मनापासून आवडतं.

बजेट सगळं धरून ४५,००० डॉलर. यादीत फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा. कंपनी कुठलीही चालेल, मी अडलेय ती वर्षावर. एवढ्या पैशात नवाकोरा पण साधा ट्रिम, म्हणजे कमी सोयींचं मॉडेल, येतो, नाहीतर दोन-तीन वर्षं वापरलेला भारी ट्रिम येतो, नाहीतर २०१८ ते २०२१ मधला चांगला ट्रक घेऊन वर पैसे उरतात. नवऱ्याला नवा हवाय. मला जुना घेऊन उरलेल्या पैशांत ट्रेलर बरा घ्यावासा वाटतो. तुमचे अनुभव लिहा.

डेट्रॉइटी

ताई, नुसतं वर्ष बघू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी बघा. एकाच वर्षाच्या एकाच ट्रकमध्ये तीन-चार इंजिनं मिळतात आणि त्यांच्या तक्रारी अगदी वेगवेगळ्या असतात. मी डेट्रॉइटजवळ सुट्या भागांच्या धंद्यात आहे. ट्रक बनवणाऱ्या कुठल्याच कंपनीत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

एफ-१५० ला ॲल्युमिनियमची बॉडी आली २०१५ ला, सध्याची पिढी आली २०२१ ला. ३.५ लिटरचं इकोबूस्ट, म्हणजे फोर्डचं टर्बो इंजिन, २०१७ ला बदललं आणि त्याच वर्षी त्याला दहा गिअरचा बॉक्स मिळाला. २०१७ ते २०२० च्या या ३.५ मध्ये कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) खडखडतात. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू केल्याबरोबर दोन-तीन सेकंद खडखड आवाज येतो आणि मग थांबतो. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो तो याचसाठी. बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. कंपनीनं काही काळ ही दुरुस्ती फुकट करून दिली, ती मुदत आता संपली आहे. फेझर बदलल्याची पावती असेल तर तोच ट्रक उलट चांगला.

५.० चं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) साधं आहे, टर्बो नाही. २०१८ ते २०२० च्या इंजिनांबद्दल तेल खाण्याच्या तक्रारी होत्या. २०२१ पासूनचं मला जास्त पसंत आहे. तुमच्या वजनाला २.७ सुद्धा पुरतं. मात्र २०२१-२२ च्या काही २.७ आणि ३.० इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह तुटत होते. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रॉन्को वगैरे धरून सुमारे ९०,००० गाड्यांचा रिकॉल निघाला, म्हणजे दुरुस्तीसाठी त्या परत बोलावल्या. ज्या गाडीचं काम झालंय तिला भिण्याचं कारण नाही.

शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सकडे ६.२ लिटर व्ही-८ आहे, त्याबाबत मी कडक आहे. एप्रिल २०२५ मध्ये २०२१ ते २०२४ च्या जवळपास सहा लाख गाड्या परत बोलावल्या, सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, एस्कलेड सगळ्या त्यात आल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये दोष होता. तपासणीत नापास झालं तर इंजिन बदलून, पास झालं तर जाड ०डब्ल्यू-४० तेल आणि वाढीव वॉरंटी. तुमच्या कामाला ६.२ ची गरजच नाही, मग हे ओझं कशाला घ्यायचं?

अबोली७

धागा वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे. पॉपकॉर्न घेऊन बसले.

निवांत

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. चार माणसांना सिएना मिनिव्हॅन घ्या. ती ३,५०० पौंड ओढते. गणपतीला वर्षातून एकदा पिकअप भाड्यानं मिळतो. ट्रेलर हलका घ्या. हजारो डॉलर वाचतील, पेट्रोल वाचेल, पार्किंगचा ताप नाही. शेजारी सगळे ट्रक घेतात म्हणून आपण घ्यायचा, असं होऊ नये.

गोदाकाठ

@निवांत, राग कसला? पण ट्रेलर कोणता घ्यायचा ते मुलांसह आठ-दहा ट्रेलरमध्ये चढून-उतरून ठरवलंय. चौघांना झोपायला आणि स्वयंपाकाला जागा असलेला ३,५०० पौंडांत मिळाला नाही. भाड्याच्या पिकअपला बहुतेक ठिकाणी असला ट्रेलर जोडू देत नाहीत. ट्रक आम्हाला कामासाठीच हवाय.

पाथरवट

डॅलसला माझा दगड-फरशीचा धंदा आहे, रोज ट्रकमध्येच असतो. डेट्रॉइटींनी इंजिनाचं बरोबर लिहिलंय, पण त्याच्याही आधी एक कागद बघायचा असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो त्या एकाच ट्रकचा आकडा. माहितीपत्रकातला आकडा सगळ्यात हलक्या ट्रिमचा असतो.

तुमचाच हिशेब करू. ट्रेलर ७,००० पौंड. हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, त्याच्या १० ते १५ टक्के वजन खाली दाबतं, १२ टक्के धरले तरी ८४०. चार माणसं, खाऊ, सायकली ६०० पौंड. हिचचं लोखंड ९०. झाले १,५३०. भारी ट्रिम, काचेचं छप्पर, मोठी चाकं असलेल्या क्रू-कॅबच्या (चार दारांच्या केबिनच्या) दारावर १,४०० चा स्टिकर मी कित्येकदा पाहिलाय. जाहिरातीत तोच ट्रक ११,००० पौंड ओढतो. ओढेल हो, पण मागचं बूड खाली बसेल, पुढची चाकं हलकी होतील आणि आय-१० हायवेवर बाजूनं अठरा चाकी गेला की स्टिअरिंग हातात नाचेल.

म्हणून दोन-तीन वर्षं जुना भारी ट्रिम हा तुमचा मधला पर्याय मी पहिल्यांदा कापीन. भारी ट्रिमवर जास्त खर्च होतो आणि वजन कमी वाहता येतं. फोर्डचा साधा एक्सएलटी ट्रिम, हौदा साडेसहा फुटी आणि टो पॅकेज (ट्रेलर ओढायची कारखान्यातली सोय) असलेला घ्या.

डेट्रॉइटी

@पाथरवट, शंभर टक्के पटलं. फक्त हौद्याबद्दल एक भर. क्रू-कॅब एफ-१५० साडेपाच फुटी हौद्यासह सुमारे २३२ इंच लांब, म्हणजे १९ फूट ४ इंच. साडेसहा फुटी हौदा घेतला तर २० फूट ३ इंचांच्या पुढे. ताई, आधी गॅरेज मोजा. आणि रिकामं नका मोजू, भिंतीवरचं कपाट आणि फ्रीज धरून मोजा.

द्राक्षबाग

मी निफाडहून. तुमचं वाचून एक शंका आली. आमच्याकडे बोलेरो पिकअप आहे, क्रेट भरून शेडपर्यंत आणि कधी नाशिकच्या बाजारात जातो. कंपनीच १,३०० आणि १,७०० किलोचे मॉडेल विकते. तुमचे १,५०० पौंड म्हणजे ६८० किलो. एवढा अवाढव्य ट्रक, आठ सिलिंडर, चार-पाचपट किंमत, आणि वजन आमच्या निम्मं? काहीतरी चुकतंय का माझं?

डेट्रॉइटी

@द्राक्षबाग, तुमचं काहीच चुकत नाही. बोलेरो पिकअपमध्ये दोन माणसं, कडक पाटे आणि हळू वेग, पूर्ण गाडी हौद्यासाठी बनवलेली. इकडचा हाफ-टन, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातला ट्रक पाच माणसांना सोफ्यासारख्या सीटवर बसवून ताशी १२० किलोमीटरनं दिवसभर नेतो. गाडीचंच वजन अडीच टनांच्या आसपास जातं आणि स्प्रिंग मऊ ठेवलेली असते, म्हणून वर लादायला कमी उरतं. जास्त लादायचं तर इथले लोक एफ-२५० किंवा रॅम २५०० घेतात.

द्राक्षबाग

समजलं. म्हणजे ट्रकच्या अंगात मोटारगाडी. आमच्या गावात एकानं इसुझू व्ही-क्रॉस घेतली, रस्त्यात सगळे वळून बघतात. तुमचा ट्रक तर आमच्या गल्लीत वळणारच नाही.

ओंटारियोकर

व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स मधल्या आकारात येतात. हायलक्स अमेरिकेत विकतच नाहीत. त्यामागे १९६४ पासूनचा २५ टक्के कर आहे. युरोपनं अमेरिकन कोंबडीवर जकात लावली, तिला उत्तर म्हणून अमेरिकेच्या जॉन्सन सरकारनं आयात पिकअपवर हा कर बसवला. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, कर अजून आहे. म्हणून टोयोटासुद्धा टुंड्रा टेक्सासातच, सॅन अँटोनियोला बनवते.

आता कामाचं. मी टोरांटोजवळ राहतो, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बॉडी ॲल्युमिनियमची असो वा नसो, खाली चासी लोखंडाचीच असते. उत्तरेकडून आलेला स्वस्त ट्रक दिसला तर आडवे होऊन खाली बघा. मागच्या स्प्रिंगची टोकं, ब्रेकच्या नळ्या, स्टेपनी लटकवणारी तार. त्या तारेला गंज असेल तर चासीलाही असतो. इथले शहाणे लोक दर शरद ऋतूत खालून तेलाची फवारणी करून घेतात. त्याच्या पावत्या मागा. चासीवर नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर मी तिथून सरळ घरी येतो.

सौदामिनी

टेक्सासात गंज नाही, पण पाणी आहे! ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही ह्यूस्टनमध्येच होतो. लाखो गाड्या बुडाल्या आणि कितीतरी दुसऱ्या राज्यांत जाऊन साफ कागदांनी परत बाजारात आल्या. २०१७ किंवा त्याआधीचा ट्रक बघणार असाल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकापर्यंत बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. मागच्या दिव्यांत वाफ धरलेली असेल तर सोडा.

अवांतर: फेब्रुवारी २०२१ च्या गोठणीत वीज गेली होती तेव्हा फोर्डनं टेक्सासातल्या डीलरांना सांगितलं होतं की हायब्रिड एफ-१५० लोकांना वापरायला द्या. त्या पॉवरबूस्टमधून घराला वीज घेता येते, २.४ किलोवॉट मुळातच आणि पर्यायात ७.२. जुलै २०२४ च्या बेरिल वादळानंतर आमच्या गल्लीत एकाच घरात फ्रीज चालू होता, त्यांच्याकडे हाच ट्रक. सगळ्या गल्लीची औषधं आणि लहान बाळांचं दूध त्यांनी ठेवून घेतलं. केटीत राहणाऱ्यांनी या गोष्टीला किंमत द्यावी असं मला वाटतं.

पाथरवट

@सौदामिनी, गोष्ट खरी आहे आणि मोलाची आहे. पण हायब्रिडची बॅटरी वजन वाढवते, दारावरचा आकडा आणखी उतरतो. त्यांच्या ट्रेलरला ते परवडेल का, हे स्टिकर बघूनच कळेल.

रानवाट

रॅमबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. २०१९ पासूनची पिढी चालवायला सगळ्यात सुखाची, मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. ५.७ हेमी व्ही-८ इंजिन जुनं आणि ओळखीचं. २०२५ ला कंपनीनं हाफ-टनमधून हेमी काढून सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो हरिकेन दिलं, लोक रुसले, आणि २०२६ ला हेमी परत आणलं. एक्झॉस्टचे बोल्ट तुटून टकटक होते हे खरं. पण तो आवाज लिफ्टरचा (इंजिनातल्या व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) नसून बोल्टचा आहे हे मेकॅनिककडून खात्री करून घ्या. बोल्टचं काम किरकोळ, लिफ्टर-कॅमचं काम इंजिन उघडायला लावतं.

आणि टुंड्रा: २०२१ पर्यंतचं ५.७ व्ही-८ म्हणजे दगड. पेट्रोल मात्र ढसाढसा पितं, चार-चाकी ड्राइव्हला गॅलनमागे शहरात १३ आणि हायवेला १७ मैल. तरी माझं मत त्यालाच.

डेट्रॉइटी

@रानवाट, २०२१ च्या टुंड्राला माझाही हात वर. फक्त वापरलेल्या टुंड्राची किंमत इतकी चढलेली असते की बजेटमध्ये मैल बरेच झालेला ट्रक मिळतो. २०२२ ला ट्विन-टर्बो व्ही-६ आलं. इंजिनात कारखान्यातला धातूचा कचरा राहिला म्हणून मे २०२४ मध्ये २०२२-२३ च्या सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलावल्या, आणि २०२५ च्या शेवटी २०२४ पर्यंतच्या आणखी सुमारे १,२७,०००. टोयोटा आहे म्हणून डोळे मिटून घ्या, असं आता म्हणता येत नाही.

हिशेबनीस

पैशांचं कुणी लिहिलं नाही. टेक्सासात वाहनावर ६.२५ टक्के विक्रीकर आहे. ४२,००० चा ट्रक घेतला तर २,६२५ करात जातील, वर टायटल (मालकीचा कागद) आणि डीलरची फी. म्हणजे ४५,००० च्या बजेटात ट्रकची किंमत ४२,००० च्या वर जाऊ देऊ नका.

नव्याची एक बाजू नवऱ्यांच्या वतीनं मांडतो. २०२५ ते २०२८ या कर-वर्षांत नव्या गाडीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. अटी अशा: गाडी नवीच हवी आणि तिची शेवटची जोडणी अमेरिकेत झालेली हवी. एकट्याचं उत्पन्न एक लाखाच्या, जोडप्याचं दोन लाखांच्या वर गेलं की सवलत घटत जाते. जोडणी कुठे झाली ते व्हीआयएनच्या, म्हणजे गाडीच्या ओळख-नंबराच्या, पहिल्या आकड्यावरून कळतं. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. एफ-१५० मिशिगन किंवा मिसुरीत बनतो. पण सिल्व्हराडो इंडियानात बनतो, कॅनडात बनतो आणि मेक्सिकोतही. एकाच डीलरच्या आवारात तिन्ही आकडे दिसतील, म्हणून तुम्ही घेताय त्याच ट्रकचा नंबर बघा.

जुन्यावर व्याजदर चढे असतात. त्यामुळे दोन वर्षं जुना ट्रक नव्यापेक्षा चार-पाच हजारांनीच स्वस्त असेल तर हप्ता जवळपास सारखा पडतो आणि वॉरंटी मात्र अर्धी संपलेली. फोर्ड, जनरल मोटर्स, टोयोटाची इंजिनाची मूळ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. माझ्या हिशेबानं एकतर वर्षअखेरीला उरलेला नवा घ्यावा, नाहीतर चार-पाच वर्षं जुना रोखीनं.

अबोली७

इलेक्ट्रिकचं काय? जुने लायटनिंग, म्हणजे इलेक्ट्रिक एफ-१५०, खूप स्वस्त दिसतायत.

डेट्रॉइटी

@अबोली७, शहरात वापरायला आणि घरी चार्जर असेल तर छानच. जड, उंच ट्रेलर मागे लावला की पल्ला साधारण निम्मा होतो आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनवर ट्रेलर सोडून आत जावं लागतं. जुन्या ईव्हीवरची केंद्राची सवलतही ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. धागाकर्तीच्या कामाला नको.

पाथरवट

जुना बघताना आणखी एक गोष्ट, जी विकणारा कधी सांगत नाही. मीटरमध्ये इंजिनाचे तास दिसतात. मैलांना तासांनी भागा. ६०,००० मैल आणि १,७०० तास म्हणजे सरासरी ३५, हायवेवर चाललेला ट्रक. तेच ६०,००० आणि ३,००० तास म्हणजे सरासरी २०. तो ट्रक साइटवर एसी लावून तासन् तास उभा होता आणि इंजिन मैलांपेक्षा खूप जास्त झिजलंय. माझ्याकडच्या एका ट्रकचे लिफ्टर असेच गेले, मुलं जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद करत नसत. आता नियमच केलाय की गाडी थांबली की चावी काढायची. कंपन्यांनी वापरलेले साधे ट्रिम स्वस्त मिळतात, तिथे हा भागाकार केल्याशिवाय बोलणी सुरू करू नका.

निवांत

हे तास-मैलांचं मला माहीत नव्हतं. मिनिव्हॅनवाला असूनही धागा जपून ठेवतोय.

गोदाकाठ

मंडळी, केवढं लिहिलंत! सगळं नवऱ्याबरोबर बसून वाचलं आणि गेल्या आठवड्यात दारांचे स्टिकर बघत हिंडलो. एका डीलरकडे शेजारी शेजारी उभ्या दोन ट्रकमध्ये तीनशेहून जास्त पौंडांचा फरक होता, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे. भारी ट्रिम डोक्यातून गेला. ट्रेलरही ६,५०० पौंडांच्या वर भरायचा नाही असं ठरवलं.

एक ट्रक मनात भरलाय. २०२२ चा एफ-१५० एक्सएलटी, ५.०, क्रू-कॅब, साडेपाच फुटी हौदा, टो पॅकेजसह. दारावर १,७८०. आमचा हिशेब असा: माणसं-सामान ५५०, हिचवर १३ टक्क्यांनी ८४५, लोखंड ९०. मिळून १,४८५, म्हणजे जवळपास तीनशे पौंड हाताशी. मीटरवर ३८,००० मैल आणि १,१०० तास. व्हीआयएन सरकारी साइटवर टाकून बघितला, उघडा रिकॉल नाही. ट्रक पहिल्यापासून टेक्सासातच. शनिवारी आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे दोन तास न्यायची परवानगी मिळाली आहे. नवऱ्यालाही पटलंय, कारण इंजिनाची वॉरंटी अजून थोडी शिल्लक आहे. अजून काय बघू?

डेट्रॉइटी

छान निवड. वॉरंटी मूळ विक्रीच्या तारखेपासून मोजतात, मॉडेल-वर्षापासून नाही. ती तारीख डीलरकडून लिहून घ्या. मेकॅनिकला सांगा की कॉम्प्युटरमधले कोड नुकतेच पुसलेत का ते बघ. पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात. दहा गिअरचा बॉक्स आहे, तेव्हा सिग्नलला थांबत-थांबत वीसेक मिनिटं चालवा. तिसऱ्या-चौथ्या गिअरला झटका बसतो का ते पोट सांगतं.

ओंटारियोकर

टायरवर डॉट (DOT) ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. मूळ टायर असतील तर बदलायला आलेत. चार टायरचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

सौदामिनी

सीटबेल्ट ओढून बघाच, टेक्सासातला आहे म्हणून!

गोदाकाठ

सगळं लिहून घेतलं. शेवटचा एक प्रश्न: वजन वाटणारा हिच, म्हणजे ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा, लागेलच का? विकणारा म्हणतो टो पॅकेज आहे, मग गरज नाही.

पाथरवट

लागेल. ट्रकच्या मागच्या हिच-रिसीव्हरवर स्टिकर असतो, त्यावर दोन रांगा छापलेल्या असतात. एक साध्या हिचसाठी, दुसरी वजन वाटणाऱ्या हिचसाठी. तुमचे ६,५०० पहिल्या रांगेत बसतात का ते तिथेच वाचा, बहुतेक नाही बसणार. आणि टेक्सासात ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, त्यामुळे डॅशबोर्डवर ट्रेलर-ब्रेकचा कंट्रोलर आहे का ते शनिवारीच बघून घ्या. नसेल तर बाहेरून बसवता येतो, पण किंमत ठरवायच्या आधी कळलेलं बरं.